हिशेबातला धबधबा

तिबेटात या नदीला यारलुंग त्सांगपो म्हणतात. मानसरोवराच्या आग्नेयेकडच्या हिमनद्यांत ती उगम पावते आणि हिमालयाची रांग उजव्या हाताला ठेवून हजारभर मैल पूर्वेकडे जाते. उंची दहा-बारा हजार फूट, पण चाल बरीचशी सपाटीवरच्या नदीची. याकच्या कातड्याच्या होड्या तिच्यात चालतात. आसामात दिसते ती ब्रह्मपुत्रा. तिथे उंची उरते जेमतेम पाचशे फूट. एकोणिसाव्या शतकात या दोन्ही नद्या नकाशावर होत्या, मधला तुकडा कोरा होता. वरची नदी तीच खालची, की वरची जाऊन ब्रह्मदेशातल्या इरावतीला मिळते, यावर युरोपातले भूगोलतज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडत होते.

दोन्ही नद्या एकच असतील, तर वजाबाकी सोपी होती. दोनशे किलोमीटरांच्या आत नदी सुमारे दहा हजार फूट खाली उतरते. एवढी मोठी नदी एवढ्या थोड्या अंतरात उतरायची, म्हणजे ती कुठेतरी एकदम कोसळत असणार, आणि कोसळत असेल तर नायगारा तिच्यापुढे काहीच नाही. असा हा धबधबा जन्माला आला. त्याला पाहिलेला एकही साहेब नव्हता. तो कागदावर निघाला होता, आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं माणसं त्याच्यामागे चालत राहिली.

ज्या जागी तो असायला हवा होता ती जागा जगावेगळी आहे. नामचा बरवा हे ७,७८२ मीटर उंचीचं शिखर आणि ग्याला पेरी हे ७,२९४ मीटरांचं, एकमेकांपासून वीसेक किलोमीटरवर समोरासमोर उभी आहेत आणि नदी त्यांच्या मधून जाते. पात्रापासून शिखरापर्यंत पाच किलोमीटरांची उभी चढण. या फटीतून बाहेर पडताना नदी ईशान्येकडून गर्रकन वळून दक्षिणेला येते आणि अरुणाचलात सियांग होऊन उतरते. या वळणाच्या आतल्या आणि खालच्या मुलखाला पेमाको म्हणतात. तिबेटी बौद्धांच्या श्रद्धेनुसार पद्मसंभवाने संकटकाळासाठी राखून ठेवलेली ही गुप्त भूमी, आणि वज्रवाराही या देवतेचा देह.

तिबेटात परक्यांना बंदी होती, म्हणून सर्व्हे ऑफ इंडियाने हिमालयातल्या माणसांना शिकवून पाठवायला सुरुवात केली. यात्रेकरूच्या वेशातल्या या हेरांना पंडित म्हणत. नैनसिंग रावत १८६६ साली ल्हासाला पोहोचला तो पावलं मोजत. जपमाळेत १०८ मणी असतात, त्याच्या माळेत मोजायला सोपं म्हणून १०० होते. शंभर पावलांना एक मणी सरकायचा.

त्सांगपोच्या कोऱ्या तुकड्यात मात्र जो शिरला तो पंडितही नव्हता. किंथुप सिक्कीमचा, दार्जिलिंगमध्ये शिंपीकाम करणारा, लिहितावाचता न येणारा. १८८० साली कॅप्टन हेन्री हारमनने त्याला एका चिनी लामाचा नोकर म्हणून पाठवलं. काम असं: दरीत जमेल तितकं खाली जायचं, खूण केलेले पाचशे ओंडके नदीत सोडायचे, रोज पन्नास. खाली आसामात हारमनची माणसं नदीवर पहारा ठेवतील. ओंडके दिसले की त्सांगपो तीच ब्रह्मपुत्रा हे सिद्ध.

लामाने वाटेत पैसे उधळले, यजमानाच्या बायकोच्या नादी लागला, आणि शेवटी किंथुपला एका किल्लेदाराला विकून आपण निघून गेला. गुलामीतले महिने काढून किंथुप पळाला. आता कोणीही सरळ दार्जिलिंगची वाट धरली असती. हा नदीच्या बाजूला पळाला. पाठलाग करणाऱ्यांनी गाठलं तेव्हा त्याने मारपुंगच्या मठात आसरा घेतला, आणि तिथल्या प्रमुख लामाने पन्नास रुपये मोजून त्याला विकत घेतलं. मालक बदलला एवढंच. मग त्याने यात्रेला जाण्याची रजा मागितली, जंगलात जाऊन पाचशे ओंडके तोडले, एका गुहेत लपवले आणि मठात परतला. काही महिन्यांनी पुन्हा यात्रेची रजा. या वेळी ल्हासाला. तिथून त्याने दार्जिलिंगला पत्र लिहवून पाठवलं: अमुक दिवसांत ओंडके सोडतो. परत येऊन आणखी नऊ महिने चाकरी केली. याची भक्ती पाहून लामाने त्याला मोकळं केलं. किंथुपने दहा दिवस, रोज पन्नास, ओंडके नदीत सोडले.

खाली कोणी नव्हतं. पत्र वेळेत पोहोचलं नव्हतं, हारमन आजारी होऊन हिंदुस्थान सोडून गेला होता आणि वारला होता. पाचशे ओंडके आसामातून वाहत समुद्राकडे गेले असतील. किंथुप दक्षिणेकडून आसामात उतरायला निघाला, पण ज्यांना तेव्हा अबोर म्हणत त्या लोकांच्या मुलखातून त्याला माघारी फिरावं लागलं. १८८४ साली तो दार्जिलिंगला पोहोचला.

ही गोष्ट बहुतेक वेळा निष्ठेची म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. मला तिच्यात दुसरंही काही दिसतं. साहेबांच्या नकाशावरच्या त्या कोऱ्या जागेत किल्लेदार होते, मठ होते, गुलामांचा बाजार होता, यात्रेची रजा होती. किंथुप चार वर्षं तिथे जगला तो लोकांच्या रिवाजांच्या आधाराने. दऱ्या ओलांडणं त्या मानाने सोपं गेलं असेल.

त्याने जे पाहिलं ते आठवणीतून सांगितलं, दुसऱ्याने लिहून घेतलं, तिसऱ्याने इंग्रजीत आणलं. त्या अहवालात एक ओळ होती: पेमाकोचुंगच्या मठाजवळ नदी दीडशे फुटांवरून कोसळते आणि तळाच्या डोहावर इंद्रधनुष्य असतं. झालं! वजाबाकीतल्या धबधब्याला साक्षीदार मिळाला.

१९१३ साली एफ. एम. बेली आणि हेन्री मोर्सहेड हे दोन अधिकारी परवानगीशिवाय, मिश्मी टेकड्यांकडून वर चढून तिबेटात उतरले. बेली पेमाकोचुंगला पोहोचला. धबधबा होता, इंद्रधनुष्यही होतं. उंची तीसेक फूट. पुढे वाटाड्यांनी साथ सोडली आणि तो परतला. नंतर त्याने दार्जिलिंगला किंथुपचा शोध घेतला. म्हातारा अजून शिवणकाम करत होता. त्याने सांगितलं की दीडशे फुटांचा धबधबा मी ग्याला गावासमोर पाहिला होता, डोंगरावरून पडणारा एक लहान ओढा. लिहून घेणाऱ्याने दोन धबधब्यांचा एक केला होता. निरक्षर माणसाची स्मृती तीस वर्षांनंतरही शाबूत होती, चूक साक्षरांची होती. बेलीच्या खटपटीने सरकारने किंथुपला हजार रुपये दिले. तो त्यानंतर फार दिवस जगला नाही.

आता चालण्याबद्दल. सह्याद्रीत आपण ‘वाट नाही’ म्हणतो तेव्हा निदान ढोरवाट असते, आणि चुकलो तरी तास-दोन तासांत एखादी वाडी लागते. त्सांगपोच्या दरीत वाट नाही याचा अर्थ वेगळा. नदीच्या काठाने जाता येत नाही, कारण काठच नाही. कडे थेट पाण्यात उतरतात. नदीशी समांतर जायचं तर डोंगराची एकेक सोंड ओलांडायची. हजार-दोन हजार फूट चढ, माथ्यावरून पलीकडे, तेवढाच उतार, तळाशी फेसाळता ओढा, त्यावर आडवं टाकलेलं झाड, आणि समोर पुढची सोंड. दिवसभर राबून नकाशावर मैल-दीड मैल. चढही धड नाही: बुरुंशाची गुंतलेली झाडी, बांबूचं रान, शेवाळाने झाकलेले कुजके बुंधे, ज्यांच्यावर पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत जातो. कोयता घेतलेला माणूस पुढे, बाकीचे त्याच्या मागे.

नदीचा आवाज सतत कानात असतो, पण तो धबधब्याचा पत्ता सांगत नाही. अरुंद दरीत सगळीकडून सारखीच गाज येते. उतारावरचं खळाळतं पाणी आणि कोसळणारं पाणी यांत कानाला फरक करता येत नाही. दिसण्याचंही तसंच. वरून नदी पाहायची तर कड्याच्या कडेला जावं लागतं, आणि कडा असा आत वळलेला असतो की खालचं पात्र त्याच्याच पोटाआड जातं. ढग कधी उघडतील याचा नेम नाही.

हंगाम दोन संकटांच्या मध्ये पकडावा लागतो. पावसाळ्यात जळवा, दरडी आणि फुगलेले ओढे. भर हिवाळ्यात सोंडांच्या माथ्यावर बर्फ. म्हणून इथले मोठे प्रयत्न नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झालेले दिसतात. आणि धान्याचं गणित तर कोणालाच चुकत नाही. वाटेत काही मिळणार नाही, म्हणून सातूचं पीठ पाठीवर. पण पीठ वाहणारा माणूसही जेवतोच. अधिक दिवस जायचं तर अधिक हमाल, अधिक हमाल म्हणजे अधिक पीठ. कुठेतरी पिठाचा आणि पुढच्या सोंडेचा हिशेब जुळेनासा होतो आणि माणूस मागे फिरतो. या दरीतून मागे फिरलेल्या मोहिमांची कारणं बघितली, तर पराक्रम कमी पडला असं क्वचितच आढळतं. पीठ कमी पडलेलं असतं, किंवा हमालांचा धीर.

१९२४ साली फ्रँक किंग्डन-वॉर्ड आणि लॉर्ड कॉडॉर इथे आले. किंग्डन-वॉर्ड वनस्पतिशास्त्रज्ञ, बागांसाठी बिया गोळा करणारा. बेलीने १९१३ मध्ये ज्या निळ्या खसखशीचं फूल आणलं होतं तिच्या बिया याच फेरीत इंग्लंडला गेल्या आणि तिथल्या बागांत ती फुलली. नोव्हेंबरमध्ये दोघं ग्यालावरून दरीत उतरले. पेमाकोचुंग ओलांडून, बेलीच्या पुढे जाऊन, त्यांनी एक नवा धबधबा गाठला. त्याच्या तुषारांवर इंद्रधनुष्य होतं म्हणून नाव पडलं रेनबो फॉल्स. त्यांच्या अंदाजाने उंची चाळीस फुटांच्या आसपास. पुढे नदी एका कोपऱ्यावर वळून दोन कड्यांत नाहीशी होत होती. तिथून नदीच्या अंगाने जाणं अशक्य होतं. माणसं कड्यांवर चढून दरीबाहेर पडली. नंतर त्यांनी खालच्या टोकाकडून थोडं वर येऊन पाहिलं. मधला काही मैलांचा तुकडा तेवढा राहिला.

उंची मोजायची त्यांची पद्धत साधी होती. पाणी उकळायचं आणि तापमान बघायचं. दर तीनशे मीटर चढलं की पाणी साधारण एक अंशाने कमी तापमानाला उकळतं. वरची उंची, खालची उंची, मधलं अंतर यांवरून किंग्डन-वॉर्डने निष्कर्ष काढला की राहिलेल्या तुकड्यात नायगाराला लाजवणारा धबधबा मावायला जागाच नाही. पेमाकोतल्या बौद्धांच्या परंपरेत तिथे पंचाहत्तर धबधबे आहेत आणि प्रत्येकाचा एक रक्षक देव आहे, हेही त्याने नोंदवलं. १९२६ साली त्याचं पुस्तक आलं, आणि इंग्रजी भूगोलासाठी विषय मिटला. वजाबाकीतून जन्मलेला धबधबा वजाबाकीनेच खोडला.

तो कोपरा मात्र तसाच राहिला. पुढे युद्ध, चिनी राजवट आणि बंद सीमा यांमुळे बाहेरच्या माणसांना दरीत उतरायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. इयन बेकर, केन स्टॉर्म आणि हमीद सरदार हे अमेरिकन त्या वर्षांत पुन्हा पुन्हा आले. बेकर बौद्ध परंपरेचा अभ्यासक. पेमाकोच्या तीर्थवर्णनांच्या पोथ्या वाचून तो वाट शोधत होता. पण शेवटी वाट दाखवली ती मोंपा शिकाऱ्यांनी.

शिकाऱ्यांची वाट म्हणजे टाकिनची वाट. टाकिन हा दिसायला गव्यासारखा, नात्याने शेळ्या-मेंढ्यांचा, दोन-तीनशे किलोंचा प्राणी. उन्हाळ्यात वरच्या कुरणात, थंडीत खालच्या जंगलात अशी त्याची ये-जा असते, आणि त्याच्या खुरांनी कड्यांच्या अरुंद पट्ट्यांवरून वाटा पडतात. जिथे तीनशे किलोंचं जनावर जातं तिथे माणूसही जातो, हा शिकाऱ्याचा हिशेब. जिथे कडा तुटलेला असेल तिथे तो खाचा पाडलेला ओंडका शिडीसारखा लावतो किंवा वेलीचा दोर बांधतो. परक्याच्या डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. त्याला बांबूचं रान दिसतं. त्या रानात वाकवलेली एक काडी खूण असते, हे सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि शिकारी ते सांगत नसत.

नोव्हेंबर १९९८ मध्ये, नॅशनल जिओग्राफिकच्या पाठबळावर आलेल्या या तिघांना शिकारी त्या कोपऱ्याच्या खाली घेऊन गेले. अखेरच्या टप्प्यात दोर लावून उतरावं लागलं. रेनबो फॉल्सच्या खाली जेमतेम पाव मैलावर सगळी त्सांगपो एका अरुंद फटीतून कोसळत होती. लेझरने अंतर आणि कोनमापकाने कोन घेऊन उंची निघाली १०८ फूट. नैनसिंगच्या माळेतून काढून टाकलेल्या आठ मण्यांसकट! किंग्डन-वॉर्ड जिथे उभा होता तिथून हे ठिकाण पाच मिनिटांच्या चालीएवढं दूर होतं, फक्त ती पाच मिनिटं चालायला जमीन नव्हती. रेनबो फॉल्सही नव्याने मोजला, तो सत्तर फुटांच्या वर भरला. वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला निम्म्यावर आणलं होतं.

जानेवारी १९९९ मध्ये बातमी जगभर गेली आणि लगेच भांडण सुरू झालं. चिनी बाजूने सांगण्यात आलं की आमच्या शास्त्रज्ञांची मोहीमही त्याच सुमारास तिथे होती, आणि १९८७ मध्येच हेलिकॉप्टरमधून त्या धबधब्याचं छायाचित्र घेतलं होतं. शोध कोणाचा, यावर दोन्हीकडून लेख झडले. हे भांडण मला वांझोटं वाटतं. त्या जागी आधीपासून टाकिन मारणारी माणसं होती, त्यांना जागा ठाऊक होती, आणि ती न दाखवणं हा त्यांचा रिवाज होता. शोध लागला म्हणण्यापेक्षा त्यांनी धबधबा दाखवला, एवढंच म्हणता येईल.

एवढ्या उतारावर मोठा धबधबा का नाही, याचं उत्तर खडकात आहे, आणि मराठी वाचकाला ते घरच्या डोंगरावरून समजेल. सह्याद्री लाव्हाच्या थरांनी बनला आहे. कठीण बसाल्टचा थर, त्याखाली मऊ, सच्छिद्र किंवा लाल मातीचा थर, पुन्हा कठीण. पाणी मऊ थर पोखरतं, वरचा कठीण थर पुढे आलेला राहतो आणि तुटतो, म्हणून कडा उभाच राहतो आणि त्यावरून धबधबा पडतो. नामचा बरवाच्या पोटात असे आडवे थर नाहीत. तिथे कठीण, स्फटिकी नाइस खडक आहे. शिवाय तो डोंगर वर येतो आहे, आणि जगातल्या सर्वांत वेगाने वर येणाऱ्या भागांपैकी तो एक आहे. नदी गाळाने भरलेली, प्रचंड जोराची. ती उठणाऱ्या खडकाला त्याच वेगाने कापत राहते. त्यामुळे उंची एका जागी न साठता लांबच लांब खळाळत्या उतारात वाटली जाते. सह्याद्रीत असतो तसा एका उडीचा कडा या नदीला परवडत नाही. धार लवकर झिजते. २०१४ मध्ये चिनी, युरोपीय आणि अमेरिकी भूशास्त्रज्ञांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की दरीच्या वरच्या अंगाला नदीच्या सपाट पात्राखाली पाचशे मीटरांहून जाड गाळात एक जुनी दरी पुरलेली आहे. वीस-पंचवीस लाख वर्षांपूर्वी नामचा बरवा वर यायला लागला, त्याने नदीला बांधासारखं अडवलं, मागे गाळ साचला आणि पुढे उतार तीव्र झाला. व्हिक्टोरियन साहेबांची वजाबाकी बरोबर होती. फक्त उत्तर एका उडीत मिळेल ही आशा खोटी होती.

ती वजाबाकी आता दुसऱ्यांच्या कामी आली आहे. महावळणाच्या भागात ५० किलोमीटरांत सुमारे २,००० मीटरांचा उतार आहे, आणि चीनला तो विजेच्या रूपात दिसतो. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या जलविद्युत प्रकल्पाला मंजुरी मिळाली, १९ जुलै २०२५ रोजी पंतप्रधान ली च्यांग यांनी काम सुरू झाल्याचं जाहीर केलं. एकामागून एक पाच वीजकेंद्रं, खर्च सुमारे १.२ लाख कोटी युआन, वर्षाला सुमारे ३०० अब्ज युनिट वीज, म्हणजे थ्री गॉर्जेसच्या जवळजवळ तिप्पट. नदीची वळणं बोगद्यांनी सरळ करायची आणि पाणी डोंगराच्या पोटातून न्यायचं, अशी योजना आहे. ज्या मेदोग तालुक्यात मोटाररस्ता २०१३ मध्ये पोहोचला, तिथे आता यंत्रांची रीघ आहे.

खालच्या अंगाला धास्ती आहे आणि ती हवेतली नाही. एप्रिल २००० मध्ये यिगोंग या उपनदीवर अख्खा डोंगर घसरून नदी अडली. दोन महिन्यांनी, १० जूनला, तो बांध फुटला आणि लोंढा याच दरीतून अरुणाचलात आला. पूल वाहून गेले, माणसं गेली, हजारो बेघर झाली. चीनच्या धरणातून अचानक पाणी सुटलं तर ते अडवायला हवं, या युक्तिवादाने भारताने सियांगवर सुमारे ११,००० मेगावॉटचा प्रकल्प आखला आहे. त्यासाठी भोकं पाडून खडक तपासायला आलेल्या पथकांना सियांगकाठच्या आदी गावांनी विरोध केला. मे २०२५ मध्ये तिथे सशस्त्र पोलिसांच्या पहाऱ्यात यंत्रं आणली गेली आणि गावकरी रस्त्यावर उतरले. किंथुपच्या काळात ज्यांना अबोर म्हणत ते हेच आदी. आपल्या डोंगरातून कोणी काय मोजायला जावं, हे तेव्हाही तेच ठरवू पाहत होते.